मराठी रॅप : नवख्यानं स्वतःची शैली कशी घडवायची?

पाळीवाला
मंडळी, मराठीत रॅप लिहायला सुरुवात केली आहे. ताल सुटत नाही, यमक जुळतं, मोबाइलवर रेकॉर्डिंगही होतं. पण ऐकलं की ते कुणाचंही वाटतं. एका बीटवर मुंबईच्या गल्लीतल्या हिंदी रॅपरसारखा आवाज लागतो, दुसऱ्या बीटवर अमेरिकन ट्रॅपची नक्कल होते. गाव लातूर जिल्ह्यात, नोकरी वाळूज एमआयडीसीत. शैली ठरवून घडवता येते का? येत असेल तर कशी, हे कृतीच्या पातळीवर सांगा. बीट बूमबॅप (जुन्या हिप-हॉपचा ठोकेबाज प्रकार) आहे, ९० बीपीएम, म्हणजे मिनिटाला ९० ठोके. त्यावरच्या चार ओळी :

सकाळी उठून मी कामाला जातो
दिवसभर राबून घरी मी येतो
स्वप्नांच्या मागे मी धावत राहतो
लोक काय म्हणतात ते ऐकून घेतो

कडक_चहा
जातो, येतो, राहतो, घेतो. हे यमक तुम्ही जुळवलेलं नाही, व्याकरणानं फुकट दिलंय.

लयवेडा
शैली ठरवून घडवता येते, कारण ती चार निवडींतून तयार होते : ओळ तालात कुठून सुरू करता, कुठे गप्प राहता, यमक कुठे पाडता आणि कोणते शब्द वापरता. या निवडी पुन्हा पुन्हा त्याच पद्धतीनं केल्या की ऐकणारा तीन ओळींत माणूस ओळखतो.

आधी हिशेब. ९० बीपीएमला चार ठोक्यांचा एक बार साधारण २.६७ सेकंदांचा. प्रत्येक ठोक्याचे चार भाग केले तर बारमध्ये १६ घरं होतात. तुमच्या पहिल्या ओळीत बोलताना ११ अवयव, म्हणजे एका झटक्यात उच्चारले जाणारे तुकडे, येतात (स-का-ळी, उ-ठून, मी, का-मा-ला, जा-तो). म्हणजे ५ घरं रिकामी. ही ५ घरं कुठे ठेवता, तिथेच तुमचा फ्लो, म्हणजे शब्द तालावर बसवण्याची चाल, ठरतो. नवखा माणूस ती सगळी ओळीच्या शेवटी टाकतो आणि प्रत्येक ओळ पहिल्या ठोक्यावरच उचलतो. म्हणून ते शाळेतल्या कवितेसारखं ऐकू येतं.

वहीत १६ चौकोन आखा आणि प्रत्येक चौकोनात एक अवयव लिहा. रिकाम्या घरात शून्य. एकच ओळ तीन तऱ्हांनी मांडून म्हणा. लिहिण्याआधी हा सराव केलात तरी चालेल, शब्द कुठलेही घ्या.

शब्दखाण
कडक_चहा यांचा मुद्दा नीट उलगडायला हवा, कारण मराठीत रॅप करणाऱ्या प्रत्येकाला ही अडचण येते. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं. त्यामुळे साधं वाक्य लिहिलं की ओळीच्या टोकाला -तो, -ते, -आहे, -ला हेच येणार. कानाला त्यात नवल वाटत नाही, कारण बोलतानाही तेच ऐकू येतं.

सुटायचे मार्ग आहेत. क्रियापद गाळा. मराठीत 'डब्यात भाकर' एवढं म्हटलं तरी वाक्य पूर्ण वाटतं, 'आहे' लागत नाही. किंवा क्रियापद ओळीच्या मध्ये ओढा आणि शेवटी नाम ठेवा, बोलताना आपण तसं करतोच : 'विकला की त्यानं बैल'. आणि यमक एका अक्षराचं न ठेवता दोन-तीन स्वरांचं ठेवा. व्यंजनं बदलली तरी चालतात, स्वरांची रांग तीच हवी.

दुसरं म्हणजे, पहिल्या तीन ओळींत तीनदा 'मी' आहे. 'जातो' म्हटल्यावर 'मी' कळतोच, तेवढं घर मोकळं करा. आणि स्वप्नं, लोक, राबणं हे शब्द कुणाच्याही तोंडी बसतात. वाळूजला सकाळी काय दिसतं? पाच वस्तू सांगा, भावना नको.

पाळीवाला
पहिली पाळी. कंपनीच्या बसची थंडगार खिडकी. डब्यात भाकरी आणि ठेचा. गेटवर पंचिंगची रांग आणि सुपरवायझर. गावाकडची जमीन अजून आजोबांच्या नावावर आहे.

शब्दखाण
शेवटची गोष्ट सोन्यासारखी आहे. 'सातबारा' हा शब्द घ्या. सात-बा-रा, तीन अवयव, तिन्हींत आ. आता तीच रांग असलेले शब्द शोधायचे : गार वारा, लाल मारा, -ला पारा. मग मागून पुढे लिहायचं, म्हणजे आधी ओळीचं टोक, नंतर सुरुवात :

पहिली पाळी, कानाला गार वारा
डब्यात भाकर, ठेच्याचा लाल मारा
गेटावर रांग, सायबाचा तापला पारा
गावाकडं आज्याच्या नावानं सातबारा

हा फक्त नमुना, तुमच्या ओळी तुम्हीच लिहा. चारही ओळींत 'मी' नाही, तरी माणूस कोण ते समजतं. चार ओळींत क्रियापद एकच, 'तापला', आणि तेही मध्ये. अवयव ११, १०, ११, १२. म्हणजे तुमच्या मूळ ओळींपेक्षा फार जास्त नाहीत. लांबीत काही चूक नव्हतीच.

लयवेडा
वा! याच ओळीवर घरांचा खेळ दाखवतो. सरळ मांडणी :

प हि ली ० | पा ळी ० ० | का ना ला ० | गार वा रा ०

आता अर्धा ठोका उशिरा उचललेली :

० ० प हि | ली ० पा ळी | का ना ला ० | गार वा रा ०

शब्द तेच, यमकही त्याच चौथ्या ठोक्यावर. पण दुसऱ्या मांडणीत पहिल्या ठोक्यावर किक (ड्रमचा जड ठोका) एकटी वाजते आणि 'ली' दुसऱ्या ठोक्याच्या स्नेअरवर (ड्रमचा कडक ठोका) आदळते. माणूस जरा आळसावून, पण जाणून बोलतोय असं वाटतं. पहाटेच्या पाळीच्या विषयाला हे जास्त शोभतं.

डफतुणतुणं
अवयव मोजण्यावरून एक सांगणं गरजेचं आहे. आपल्याकडे अभंग-ओवीत अक्षरं मोजतात. मोठ्या अभंगाचा साचा ६-६-६-४, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचं यमक. गाताना प्रत्येक अक्षरातला 'अ' उच्चारला जातो, म्हणून तिथे लिखित अक्षरांची मोजणी चालते. रॅप बोलण्याच्या उच्चारावर चालतो. 'दिवसभर' लिहिताना पाच अक्षरं, बोलताना दि-वस-भर असे तीनच अवयव. वहीतली अक्षरं मोजून बार भरलेत तर तोंडात ओळ तोकडी पडते, मग ती ताणावी लागते आणि बोलणं सुटून गाणं सुरू होतं. नवख्याची बरीच ओढाताण इथूनच येते. टाळी देत मोठ्यानं म्हणा आणि तोंडातून जेवढे झटके निघतात तेवढेच मोजा.

आणि कृपा करून शाहिरीकडे बघा. पोवाड्यात शाहिराला दम घ्यायला झीलकरी 'जी जी रं जी' म्हणून जागा करून देतात. रॅपमध्ये मागून येणारे ॲडलिब, म्हणजे ओळींमध्ये टाकलेले छोटे शब्द आणि आरोळ्या, तेच काम करतात. कलगी-तुऱ्यात, म्हणजे शाहिरांच्या सवाल-जवाबाच्या सामन्यात, कलगीवाले शक्तीची बाजू घेणार, तुरेवाले शिवाची, आणि सवालाला जवाब द्यायचा तो समोरच्याचाच शब्द पकडून. बॅटल रॅपची तयारी याहून चांगली कुठे होणार?

सुसाट
डफतुणतुणं, आदर ठेवून सांगतो, नवख्याला पोवाडा दाखवला की तो छाती फुगवून ललकारायला लागतो. मग वाळूजच्या बसमधला माणूस मावळ्याच्या आवाजात बोलतो. ते अजून एक उसनं सोंग.

डफतुणतुणं
आवाज उचलायला मी सांगितलंच नाही. रचना उचला : दमाची जागा, मागच्यांचा प्रतिसाद, गोष्ट पुढे नेणारं कडवं. ललकारी हवीच असे विषय थोडे असतात.

सुसाट
मग पटलं. माझा मुद्दा मात्र वेगळा आहे. इथे सगळे 'स्वतःचं शोध' म्हणतायत, पण सुरुवातीला नक्कल केल्याशिवाय हाताला काही लागत नाही. फक्त ती मोजून-मापून करायची. आवडणाऱ्या एका रॅपरच्या आठ ओळी घ्या. ०.७५ वेगानं ऐका आणि लयवेडा यांच्या चौकोनांत उतरवा. कुठे अवयव, कुठे शून्य, यमक कोणत्या घरात, श्वास कुठे. मग त्यातले सगळे शब्द पुसा आणि त्याच घरांत आपले शब्द भरा. असं तीन अगदी वेगळ्या रॅपर्सचं करा. एकाचा दम, दुसऱ्याची यमकं आणि तिसऱ्याची गोष्ट सांगण्याची पद्धत एकत्र झाली की मूळ कुणाचं ते कळत नाही. एकाच माणसाची नक्कल केली तर मात्र आयुष्यभर त्याची सावली पडते. आणि सरावाच्या या ओळी प्रसिद्ध करायच्या नाहीत.

लयवेडा
सहमत, एक भर घालतो. चौकोनांत उतरवलेला फ्लो दोन घरं पुढे सरकवून बघा. निम्म्या वेळा तो मोडतो, निम्म्या वेळा काहीतरी नवं सापडतं. तो नवा तुकडा वेगळ्या वहीत ठेवा.

वऱ्हाडी_ठेचा
मूळ प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यानंच देऊन ठेवलं आहे, कोणी पकडलं नाही. लातूरचा माणूस 'जातो' लिहितो? पुस्तकातलं 'जातो', पुण्याचं 'जातोय', लातूरचं 'जायलो', आमच्याकडचं 'जाऊन रायलो'. अर्थ जवळजवळ एकच, पण 'जायलो' दोन घरं घेतं आणि 'जाऊन रायलो' चार, म्हणजे अख्खा ठोका. आमची बोली आपोआपच संथ, घोळवून चालते. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर वऱ्हाडीत रॅप करतो तेव्हा गावाचं नाव न घेताही भाग समजतो. तुमची क्रियापदं बदला, फ्लो आपोआप बदलेल.

पुण्याची_पोर
वऱ्हाडी_ठेचा दादा, पटतं, पण एक धोका आहे. बोली म्हणजे वेषभूषा नाही. रोज दोस्तांशी जो माणूस अर्धी मराठी अर्धी हिंदी बोलतो त्यानं माइकपुढे ठेवणीतली गावरान मराठी काढली तर तेही खोटंच. फोनवर मित्राला पाठवलेले आपलेच आवाजी निरोप ऐका आणि जसेच्या तसे लिहून काढा. कुठे हिंदी येते, कुठे 'म्हणजे' येतं, कुठे वाक्य अर्धवट सोडता, ती तुमची खरी भाषा. मुंबईच्या स्वदेसी या रॅप गटात एमसी मवाली मराठीत आणि एमसी तोडफोड (२०२२ मध्ये वारला) गुजरातीत रॅप करायचे, एकाच मंचावर. ज्याची त्याची भाषा ठेवून गट मोठा झाला.

मिश्रण करणार असाल तर नियम ठरवा. उदाहरणार्थ, कडवं मराठीत आणि समोरच्याचं बोलणं हिंदीत, कारण सुपरवायझर हिंदी बोलतो. यमक सापडलं नाही म्हणून भाषा बदलली की ते लगेच उघडं पडतं.

पाळीवाला
ताई, हे नेमकं लागलं. सुपरवायझर खरंच हिंदीत बोलतो. आणि एक विचारायचं होतं, मराठीत म्हणतानाही उच्चार हिंदीसारखा का येतो?

डफतुणतुणं
च आणि ज तपासा. मराठीत त्यांचे दोन उच्चार आहेत. 'ठेच्याचा' या एका शब्दात दोन्ही आहेत : 'च्या'ला जीभ टाळूला सपाट लागते, 'चा'ला दातांमागे. हिंदी रॅप ऐकून तयार झालेली जीभ दोन्ही टाळूवरच म्हणते. 'जायलो'मधला ज सुद्धा दातांमागचाच. शिवाय ळ चा ल होतोय का बघा, 'पाळी'ची 'पाली' होते. घाईत ळ आणि ण पहिले बळी पडतात कारण जीभ मागे वळवून परत आणायला वेळ लागतो. अशा अक्षरांनंतर एक रिकामं घर सोडा. वरच्या मांडणीत 'पाळी'पुढे दोन शून्यं आहेत ती त्यासाठीच कामी येतात.

सुसाट
आणि जोडाक्षरांचा फायदा घ्या. पट्टा, मठ्ठ, धक्का, खच्चून. मधलं व्यंजन तोंडातच ठोका देतं. ड्रिल या रॅप प्रकारासारख्या १४० बीपीएमच्या आसपासच्या बीटवर असे शब्द स्नेअरवर ठेवले की दणका वाढतो. लांब आ-ई-ऊ असलेले शब्द तिथे चिखलासारखे पसरतात.

मधली_सुट्टी
शिव्या घालायच्या की नाही? मराठी रॅप म्हटलं की आधी तेच दिसतं.

पुण्याची_पोर
गोष्टीतला माणूस तिथे शिवी देणार असेल तर द्या. यमक भरायला नको. शिव्यांची यमकं सगळ्यांनी वापरून झालीत, त्यात तुमचं वेगळेपण दिसणार नाही. आणि आई-बहिणीवरच्या शिव्यांनी नेमकं कुणाला दुखावतोय याचा विचार करा.

आवाजघर
सगळे लिहिण्यावर बोलतायत. शैलीचा अर्धा भाग आवाजात असतो, आणि तो बिघडतो घाईमुळे.

पहिली गोष्ट, कडवं रेकॉर्ड करण्याआधी ते बीटशिवाय, समोर माणूस बसलाय असं समजून नुसतं बोला. ती तुमची स्वरपट्टी. बीट सुरू झाली की नवखे त्याहून वर चढतात, कारण हेडफोनमध्ये बीट मोठी असते आणि तिच्यावर ओरडावं लागतं. बीटचा आवाज कमी करा, स्वतःचा वाढवा, की पट्टी खाली येते.

ब्लूटूथ इअरफोन रेकॉर्डिंगला अजिबात नको. आवाज कानापर्यंत उशिरा पोहोचतो, कधी कधी सेकंदाच्या दहाव्या भागाहून जास्त. ९० बीपीएमला एक घर सेकंदाच्या सहाव्या भागाएवढं असतं. म्हणजे अर्ध्याहून जास्त घर सरकलं. मग 'मी तालात म्हणतो तरी मागे पडतो' अशी तक्रार येते. तारेचा साधा इअरफोन घ्या.

खोलीत घुमतं म्हणून कपड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करा, पाठीमागे गोधडी टांगा. तोंड आणि माइक यांत १५ ते २० सेंटिमीटर. प, फ, भ म्हणताना हवेचा फटका बसतो, म्हणून माइक तोंडासमोर न ठेवता थोडा बाजूला तिरका. पातळी अशी ठेवा की सर्वांत मोठा शब्दही उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही. बँडलॅब मोबाइलवर फुकट आहे, सुरुवातीला पुरतं. नंतर ८० हर्ट्झच्या खालचं कापून टाका, तिथे पंख्याची घरघर आणि माइकच्या स्टँडचे धक्के असतात, शब्द नसतात.

कडवं एका दमात म्हणता आलं पाहिजे. तुकडे जोडून रेकॉर्ड करता येतं, पण मग मंचावर श्वास पुरत नाही. जिथे दम तुटतो तिथे लिखाणातच घर मोकळं सोडा. तुम्ही श्वास कुठे घेता ही सुद्धा तुमची खूण असते, ती लपवू नका.

मधली_सुट्टी
ऑटोट्यून लावला तर शैली वेगळी वाटेल ना?

आवाजघर
वाद्य म्हणून वापरलात तर वाटेल. आधी बीटची पट्टी शोधा आणि तीच ऑटोट्यूनमध्ये भरा. चुकीची पट्टी भरली की तो तुमचा बरोबर सूर ओढून बेसूर करतो. मराठी बोलण्यातले चढ-उतारही तो सपाट करतो. तुमचं बळ बोलीत असेल तर कडवं कोरडं ठेवा, हुकला (पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळींना) हवा तर लावा.

कडक_चहा
थोडं विषयांतर. यूट्यूबवरच्या 'फ्री' बीटवर गाणं टाकणाऱ्यांनो, वर्णनातल्या अटी वाचा. बहुतेक वेळा ते फुकट फक्त कमाई न करण्याच्या अटीवर असतं आणि बीट बनवणाऱ्याचं नाव द्यावं लागतं. स्पॉटिफायसारख्या ठिकाणी टाकायचं तर लीज, म्हणजे वापरण्याचा विकत परवाना, घ्यावी लागते. लीज म्हणजे मालकी नव्हे, तीच बीट इतर शंभर जण घेऊ शकतात. स्वतःची ओळख घडवायची म्हणता तर जवळपासचा एखादा बीट बनवणारा पोरगा गाठा आणि दोघं मिळून एकच साउंड वाढवा. पावती आणि अटी लेखी ठेवा.

लयवेडा
हे विषयांतर नाही, शैलीचाच भाग आहे. दर वेळी वेगळ्या जातीची बीट घेतली की आवाजाला घर मिळत नाही. काही महिने ८५ ते ९५च्या पट्ट्यातच लिहा. ढोलकी-हलगीचा तुकडा घेतलात तरी तो मापात ठेवा, दर बारला हलगी वाजली तर शब्द ऐकू येत नाहीत.

पाळीवाला
सगळं वाचून पुढच्या चार ओळी लिहिल्या. टोक आधी, सुरुवात नंतर. बोली घरची.

एसटीनं जायलो, मागचा बाक
डोक्यात तरीबी कामाचा धाक
उतरलो न् उतरलो, भावकीची हाक
बैल इकले कवाच, गंजलं चाक

वऱ्हाडी_ठेचा
हा माणूस आता लातूरचा वाटतो!

शब्दखाण
फार छान. 'मागचा बाक'मध्ये तीन आ आहेत आणि 'कामाचा धाक'मध्ये चार. तिसऱ्या-चौथ्या ओळींत स्वरांची रांग तुटते, फक्त 'आक' उरतो. चौथीत ते चालेल, तिथे चित्रच इतकं भक्कम आहे की यमक मागे राहिलेलं बरं. तिसरीत 'बांधावर हाक' करून बघा : 'उतरलो न् उतरलो, बांधावर हाक'. भावकी तरीही कळते, कारण बांधावरून दुसरं कोण हाक मारणार?

लयवेडा
अवयव ८, ९, १० आणि ८. आधीच्या चार ओळी १० ते १२च्या, या विरळ. शहर दाट, गाव मोकळं, हा फरक तसाच राहू द्या. चौथ्या ओळीत 'बैल इकले कवाच' दोन ठोक्यांत संपवा, 'गंजलं' तिसऱ्यावर आणि चौथ्या ठोक्याच्या पहिल्या घरात एकटं 'चाक'. पुढची तीन घरं कोरी. श्वासही तिथेच.

आवाजघर
आणि तिसऱ्या ओळीतली 'हाक' दुसऱ्याकडून म्हणवून घ्या, घरात काका असतील तर उत्तमच. माइकपासून दोन हात लांब उभं राहून, जरा ओरडून. तो ट्रॅक एका बाजूला सरकवा आणि मुख्य आवाजापेक्षा ८ डेसिबल खाली ठेवा. तुमच्या तोंडचं 'हाक' गाळून त्या घरात नुसती त्यांची आरोळी राहील असंही एकदा करून बघा, आणि दोन्ही नमुने इथे टाका.